ओंजळीत मावणारी पेटी

एक्सेटर, इंग्लंड
रविवार, १० ऑगस्ट

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. एक दिवसाआड फोन होत असताना हे पत्र कशाला, असं आईला वाटेल. कारण सांगते. फोनवर पेटीचा विषय निघाला की बाबा "हां, आईशी बोल" म्हणतात आणि फोन तिच्या हातात जातो. मार्चपासून हे असंच चाललंय. मला जे सांगायचंय ते जरा लांबलचक आहे आणि बाबांना शेवटपर्यंत सांगायचंय, म्हणून कागद-पेन घेऊन बसले. आईने वाचून दाखवावं. वाचून झालं की आत्याकडे कुडाळला पाठवा. तिलाही आजोबांच्या पेटीची आपल्याइतकीच माया.

यंदाचा आपल्या वास्कोच्या दामोदराचा सप्ताह मी सोनूच्या फोनवर पाहिला. तिकडे देवळात नारळ ठेवून भजन सुरू झालं तेव्हा मी रात्रपाळी संपवून खोलीवर आले होते. बूटसुद्धा काढले नव्हते, तशीच पलंगावर बसून बघत राहिले. गर्दीत सोनूचा हात हलत होता, चित्र काही धड दिसत नव्हतं, पण "जय जय राम कृष्ण हरी" स्वच्छ ऐकू येत होतं. पेटीही ऐकू येत होती. वाजवणारा चांगला होता. पण दुसऱ्या आवर्तनातच कळलं की हे बाबा नव्हेत. "हरी"वर तुम्ही पंचम जरा जास्त वेळ धरता, मग खाली येता. त्याने धरला नाही.

आजोबा कुडाळहून मुरगाव बंदरात कामाला आले ते एका हातात ट्रंक आणि डोक्यावर पेटी घेऊन, हे आत्याच्या तोंडून मी शंभरदा ऐकलंय. त्यांच्यामागे तुम्ही. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणाऱ्या अखंड भजनाच्या त्या २४ तासांत रात्री दोन ते चारची पाळी आपल्या मंडळाची. आई मला झोपेतून उठवून न्यायची. फेरीतल्या, म्हणजे सप्ताहाच्या बाजारातल्या, खाज्यांची पुडी हातात, आणि तुमच्या गुडघ्याला टेकून मी. पेटीच्या मागून येणारा तो वारा, जुन्या लाकडाचा आणि कापराचा वास असलेला, सरळ माझ्या तोंडावर यायचा. सप्ताह म्हटलं की मला अजून आधी तो वारा आठवतो आणि नंतर भजन.

आता मुद्द्यावर येते.

वॉर्डात माझ्याबरोबर एक सिस्टर आहे, इथलीच, डेव्हनची. सप्ताहानंतरच्या शनिवारी आम्हा दोघींना सुट्टी होती. ती म्हणाली, चल, तुला सिडमथला नेते. सिडमथ हे इथून बसने तासाभरावरचं समुद्रकाठचं छोटं गाव. तिथे दर ऑगस्टच्या सुरुवातीला आठवडाभर लोकसंगीताचा आणि लोकनृत्यांचा उत्सव भरतो. १९५५ साली तो सुरू झाला. म्हणजे बाबा, तुमच्याच वयाचा!

बसमधून उतरले आणि पहिल्यांदा कडे दिसले. तांबडे. आपल्या चिऱ्याचा दगड नव्हे तो, वाळूचा दगड आहे, पण रंग बघितल्यावर मी रस्त्यातच थांबले. पाऊस पडून गेल्यावर काबो-द-रामाच्या बाजूला जशी माती दिसते, तसाच रंग आणि खाली लगेच समुद्र. किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटे आहेत. लाट मागे फिरली की ते गोटे एकमेकांवर घासत खळखळत खाली जातात. दिवसभर सगळ्या गाण्यांच्या खाली तो आवाज होता, टाळांसारखा.

समुद्रकाठच्या रस्त्यावर नाचणाऱ्यांचे मेळ उभे होते. मॉरिस नावाचा इथला जुना नाच. पांढरे कपडे, नडगीला घुंगरांच्या पट्ट्या, दोन्ही हातांत पांढरे रुमाल. सहा-सहा जणांच्या ओळी पुढे-मागे होतात, उड्या मारतात, रुमाल एकदम वर जातात. काही मेळ हातात काठ्या घेऊन एकमेकांच्या काठीवर ठोका देतात. शिगम्यात पणजीच्या रस्त्यावर रोमटामेळ बघताना आपण जसे कडेला उभे राहतो, तशीच इथे माणसं मुलांना खांद्यावर घेऊन उभी होती. पण रोमटाला ढोल-ताशे लागतात, कासाळी लागतात, अंगावर येणारा आवाज असतो. इथे त्या सहा जणांना नाचवत होता एक म्हातारा माणूस, एकटा, आणि त्याच्या हातात षट्कोनी डबीसारखं काहीतरी. आपल्या घरातल्या पानाच्या डब्याएवढं असेल. दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून तो ते उघडत होता, मिटत होता. त्या एवढ्याशा डबीतून निघालेला सूर वाऱ्यातून, घुंगरांतून, गोट्यांच्या खळखळाटातून सरळ माझ्यापर्यंत आला.

बाबा, तो पेटीचा सूर होता. जरा बारीक, जरा काठ असलेला, पण पेटीचाच. डोळे मिटले असते तर म्हटलं असतं, कोणीतरी फक्त नराचे, म्हणजे मधल्या सप्तकाचे, सूर उघडून काळी चारला वाजवतंय.

त्या वाद्याचं नाव कॉन्सर्टिना. मी सोबतच्या सिस्टरला विचारलं आणि ती हसायला लागली, कारण त्यानंतर दिवसभर मी दुसरं काही विचारलंच नाही. तिने बिचारीने एकटीने आइस्क्रीम खाल्लं.

उत्सवात वाद्यं विकणाऱ्यांचे आणि दुरुस्त करणाऱ्यांचे तंबू होते. एका टेबलावर एक वयस्क कारागीर कॉन्सर्टिना उघडून बसला होता. मी म्हटलं, माझे वडील पेटी वाजवतात, भारतात, हिच्याच जातीचं वाद्य, मला आत बघायचंय. त्याने खुर्ची सरकवली. त्या खुर्चीवर माझा दीड तास गेला.

तिच्या दोन्ही बाजूंच्या झाकणांना सहा-सहा लांब बारीक स्क्रू. ते काढले की नक्षीची जाळी निघते, तिच्याखाली बटणांचे दांडे, प्रत्येक दांड्याला स्प्रिंग आणि चामड्याची गादी. ती फळी उचलली की खाली सुरांची फळी. तो सगळा देखावा मी विसरणार नाही. चाकाच्या आऱ्यांसारखे कप्पे केलेले आहेत आणि प्रत्येक कप्प्यात पितळी चौकटीत पोलादाची एक जीभ, म्हणजेच आपण पेटीत ज्याला सूर म्हणतो तो. चौकट सुतारी खाचेत नुसती सरकवून घट्ट बसवलेली, खिळा नाही, मेण नाही. एका बाजूचा सूर वरून, त्याचा जोडीदार खालून. ज्या बाजूने वारा जायचा नाही त्या बाजूला चामड्याची इवलीशी झडप. आपल्या पेटीत भाता दाबला की वारा एकाच दिशेने सुरांवर जातो. इथे उघडतानाही सूर बोलायला हवा आणि मिटतानाही, म्हणून प्रत्येक बटणाला दोन सूर. त्याच्या पुढ्यातल्या वाद्याला ४८ बटणं होती, म्हणजे आत ९६ सूर. आपल्या खर्ज-नराच्या, म्हणजे दुहेरी सुरांच्या, पेटीत जेवढे सूर असतात त्याहून जास्त, आणि ते सगळे माझ्या दोन ओंजळींत.

हे वाद्य काढलं कोणी, सांगू? चार्ल्स व्हीटस्टनने. दादाला विचारा, बारावीत भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ज्या व्हीटस्टन ब्रिजने त्याला रडवलं होतं, तोच हा माणूस. त्याचं घराणं लंडनमध्ये वाद्यं बनवणारं. १८२९ साली त्याने तोंडाने फुंकायच्या एका बटणांच्या वाद्याचं पेटंट घेतलं, त्यालाच पुढे भाता लावला आणि १८४४ मध्ये कॉन्सर्टिनाचं पेटंट घेतलं. मधल्या काळात, १८३७ मध्ये, कुक नावाच्या जोडीदाराबरोबर विजेच्या तारायंत्राचंही. तिकडे जर्मनीत केमनिट्झ गावी कार्ल उलिग नावाच्या माणसाने १८३४ मध्ये स्वतंत्रपणे आपली कॉन्सर्टिना केली. दोघींचा स्वभाव वेगळा. व्हीटस्टनच्या इंग्लिश कॉन्सर्टिनात भाता उघडा किंवा मिटा, एका बटणाला एकच स्वर. जर्मन घराण्यातून आलेल्या अँग्लोत मात्र उघडताना एक स्वर, मिटताना दुसरा, आपल्या माउथ ऑर्गनसारखं. रस्त्यावर नाचासाठी वाजत होती ती अँग्लो. उलटसुलट भात्यामुळे तिला आपोआप ठेका येतो, स्वरागणिक धक्का बसतो, पाय थांबतच नाहीत. आयर्लंडमध्येही, विशेषतः क्लेअर भागात, अँग्लोच घराघरांत, आणि तिथे ती बायकांच्या हातात फार शोभली म्हणतात.

आणि आपली पेटी? पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबेनने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, पायाने भाता मारायचा ते. कोलकात्याला द्वारकानाथ घोषांनी तिचे पाय काढले, भाता मागे आणून हाताला दिला आणि ती मांडी घातलेल्या माणसासमोर जमिनीवर बसवली. कारागिराने मला सांगितलं की या सगळ्यांची मूळ आजी चीनमधली, शेंग नावाचं बांबूच्या नळ्यांचं तोंडाने फुंकायचं वाद्य. मग कॉन्सर्टिना आपल्या पेटीची मावसबहीणच झाली. परक्या देशात अचानक मावशी भेटावी, तसं मला झालं होतं.

आता जे लिहिते ते बाबांनी नीट ऐकावं. आई, इथे जरा सावकाश वाच.

बाबा, तुम्ही लहानपणापासून मला सांगत आलात की पेटीचा गंधार चढा असतो, गळ्याचा खरा. तंबोरा लावून डोळे मिटून ऐक, मग पेटीवर ऐक, असं करून दाखवायचात. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, त्यामागे हाच आक्षेप होता की हिच्यात मींड नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि हिचे स्वर सारखे कापून बसवलेले. आजोबा ते सांगताना अजून दुखावलेले असायचे. आणि तुम्ही त्यावर आपल्या बोरीच्या पेटीवादक तुळशीदास बोरकरांचं नाव घ्यायचात, कानाला हात लावून. पेटी काय बोलू शकते ते त्यांच्या बोटांत ऐक, म्हणायचात.

तर त्या कारागिराकडे एक जुनी कॉन्सर्टिना होती, तिचे सूर कोणी नव्याने न घासलेली. व्हीटस्टनच्या इंग्लिश कॉन्सर्टिनात एका सप्तकात १२ नव्हे, १४ स्वर होते. षड्ज पांढरी एकला धरला तर कोमल गंधाराला दोन बटणं आणि कोमल धैवतालाही दोन! आताच्या कॉन्सर्टिनात ती बटणं तशीच आहेत, पण सूर सारखेच लावतात, त्यामुळे त्यांचा अर्थ गेला. या जुनीत ते वेगळे होते. त्याने मला दोन्ही गंधार एकामागून एक ऐकवले. पहिला साधा कोमल. दुसरा इतका उतरलेला, इतका मागे टेकलेला, की मी म्हटलं, हा तर दरबारी रागाच्या घरचा. त्याला दरबारी कळला नाही, पण माझा चेहरा कळला असावा. मग त्याने षड्ज आणि शुद्ध गंधार एकत्र दाबून भाता सावकाश उघडला.

पेटीवर हे दोन स्वर एकत्र धरले की आत एक बारीक थरथर चालू असते, दोन माणसं एका खाटेवर अंग चोरून निजल्यासारखी. इथे ती नव्हती. दोन्ही स्वर एकमेकांत शिरून गप्प झाले. तंबोऱ्यातून आपोआप उमटतो ना, तो गंधार. भाता पूर्ण उघडेपर्यंत, म्हणजे दहा-बारा सेकंद, मी श्वास घेतला नसेन. आयुष्यभर तुम्ही ज्या गंधारासाठी पेटीला बोल लावलात आणि तरी तिला सोडलं नाहीत, तो एका पेटीच्या मावसबहिणीच्या पोटात बसला होता, आणि तो ऐकायला तिथे मी होते, तुम्ही नव्हतात. मला तेव्हा तुमची फार आठवण आली. हे पत्र मी त्या तंबूतच मनात लिहायला घेतलं.

दुपारी एका पबच्या बागेत गेलो. पब म्हटल्यावर आईच्या कपाळावर आठी आली असेल, पण आई, ती बाग बघितलीस तर तू स्वतः बसशील. तिथे मंच नाही, माइक नाही, तिकीट नाही. बाकांचा गोल, ज्याला जे वाजवता येतं ते घेऊन यावं. दोन-तीन फिडल, एक बासरी, चार कॉन्सर्टिना. एकजण धून सुरू करतो, ओळखीची असली की बाकीचे आत शिरतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी नुसती नजरानजर होते आणि न थांबता सगळे दुसऱ्या धुनेवर जातात. मी मांडीवर बोटांनी मोजत होते. त्यांची जिग नावाची धून म्हणजे सहा मात्रा, आपला दादरा, पण पळवलेला. रील म्हणजे सरळ केरवा. मधूनच कोणी गाणं म्हणायचं. म्हणणारा कडवं म्हणतो आणि ध्रुपद आलं की अख्खी बाग उचलून धरते, सगळ्यांना पाठ. बहुतेक गाणी जहाजांची, खलाशांची, परत न आलेल्यांची. बंदराच्या गावात वाढलेल्या माणसाला भाषा कळायच्या आधी ती गाणी कळतात.

तिथे मला किंबरची गोष्ट ऐकायला मिळाली. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन गावचा विल्यम किंबर हा मॉरिस नाचणारा आणि अँग्लो कॉन्सर्टिना वाजवणारा. १८९९ च्या २६ डिसेंबरला कडाक्याच्या थंडीत त्याचा मेळ नाच घेऊन निघाला होता. खरं तर हे नाच पुढे उन्हाळ्यात करायचे, पण हाताला काम नव्हतं, चार पैसे मिळावेत म्हणून अवेळी निघाले. सेसिल शार्प नावाचे संगीतशिक्षक तिथे सासुरवाडीला आले होते, त्यांनी खिडकीतून ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी किंबरला बोलावून कॉन्सर्टिनावरच्या धुना उतरवून घेतल्या. पुढे शार्प गावोगाव फिरून लोकगीतं आणि नाच गोळा करत राहिले. आज सिडमथला जे हजारो लोक नाचतात, त्यातलं बरंच या मुळापाशी जातं. मला त्या साली वास्को दिसलं. आपला सप्ताहही प्लेगच्या साथीत, साधारण त्याच वर्षांत सुरू झाला ना. तिकडे रोगराईने गाव घाबरलेलं, इकडे माणसं उपाशी, आणि दोन्हीकडे कोणीतरी गाणं घेऊन रस्त्यावर आलं.

संध्याकाळच्या आधी नवशिक्यांना कॉन्सर्टिना शिकवायचा तास होता. वाद्यं ते देत होते. मी शेवटच्या रांगेत बसले. शेजारी सत्तरी ओलांडलेली एक बाई, स्वतःची जुनी इंग्लिश कॉन्सर्टिना घेऊन आलेली. अंगठे चामड्याच्या फाशात, करंगळ्या धातूच्या टेकूवर, वाद्याचा एक कोपरा मांडीवर टेकवायचा. आणि आता मजा बघा. स्वर एका हातात ओळीने नाहीतच! सा एका हाताला, रे दुसऱ्या, ग परत पहिल्या, म दुसऱ्या. सप्तक चढायचं म्हणजे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चालत जायचं. पहिली दहा मिनिटं माझ्या बोटांना काही समजेना. शिकवणारा म्हणाला, बटणांची घाई करू नका, आधी नुसता भाता उघडा आणि मिटा, श्वासासारखा.

बाबा, पेटीवरचा माझा पहिला धडा हाच होता. आठवतं? सहा वर्षांची असेन. तुम्ही पट्ट्यांना हात लावू द्यायचा नाहीत. पेटीच्या मागे मला बसवलंत आणि म्हणालात, तू भाता मार, मी वाजवतो. "धाप लागल्यासारखा नको, झोपलेल्या माणसासारखा." मी भाता मारायची आणि तुम्ही दोन्ही हातांनी वाजवायचात, डाव्या हाताने खालचा षड्ज-पंचम धरून. तेवढं भरलेलं वाजवणं मी नंतर कधी ऐकलं नाही.

तासाच्या शेवटी ज्याला जे जमेल ते वाजवा म्हणाले. मला दुसरं काय येणार. सा शोधला, प शोधला, आणि हळूहळू, अडखळत, "जय जय राम कृष्ण हरी"ची आपली सप्ताहातली चाल काढली. पहिल्या वेळी चुकले. दुसऱ्या वेळी जमली. तिसऱ्या वेळी शेजारच्या बाईने न विचारता खालचा षड्ज धरला, मग पंचम जोडला, आणि चौथ्या वेळी तिच्या बोटांत अख्खी चाल आली. तिला शब्द माहीत नाहीत, देव माहीत नाही. पण "हरी"वर मी पंचम धरून ठेवला, तुमच्यासारखा, तेव्हा ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली, आणि माझ्याबरोबर खाली आली. तंबूतले आणखी चार-पाच जण आत शिरले होते. किती आवर्तनं झाली मी मोजली नाहीत.

नंतर तिने विचारलं, हे तू कोणाकडून शिकलीस. मी सांगितलं, वडिलांकडून. म्हणाली, ते अजून वाजवतात? मी "हो" म्हटलं. खोटं बोलले, बाबा. ते खोटं गेले आठ दिवस माझ्याजवळ आहे.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. रागावू नका. मार्चमधल्या झटक्याने तुमच्या डाव्या हाताची ताकद गेली. उजव्या हाताला काहीही झालेलं नाही. मी नर्स आहे, तुमचे सगळे रिपोर्ट मी स्वतः वाचलेत. बोटं तीच, कान तोच. अडलंय ते फक्त भात्यापाशी. आणि भाता मारायला तुमच्याच घरात सहा वर्षांचं माणूस आहे, दिवसभर मोकळं, अंगात रग असलेलं. मी ज्या वयात तुमच्या पेटीमागे बसले, बरोबर त्याच वयाचा सोनू आता आहे. त्याला मागे बसवा. त्याला शिकवा, झोपलेल्या माणसासारखा श्वास. डावा हात खालच्या षड्जावर नुसता ठेवा, दाबला गेला तर गेला. आमच्या वॉर्डातली थेरपिस्ट झटका आलेल्या रुग्णांच्या हातात त्यांचं रोजचं काम देते, कोणाला विणकाम, कोणाला पीठ मळायला. नुसत्या रबरी चेंडूचा कंटाळा येतो, ओळखीच्या कामाचा येत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून करा, पण विचारा.

दादाला दोन कामं सांगते. पेटी माळ्यावरून काढा. चार महिने बंद आणि त्यात वास्कोचा पाऊस, एखाददुसरा सूर नक्की मुका झाला असणार. त्या कारागिराने सांगितलं की बहुतेक वेळा सूर बिघडलेला नसतो, जीभ आणि चौकट यांच्या फटीत धुळीचा कण किंवा गंज बसलेला असतो. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हलकेच सरकवून बाहेर काढायची, जीभ वाकवायची नाही, ओल्या फडक्याने तर मुळीच पुसायचं नाही. बंद ठेवलेल्या वाद्याचं चामडंही वाकडं होतं आणि मग वारा गळतो. त्यामुळे आधी दोन दिवस पंख्याखाली कोरडी होऊ द्या. त्यातून नाही जमलं तर फोंड्याला नेऊन दाखवा, पैसे मी पाठवते.

सिडमथला मी शुक्रवारी परत गेले होते, उत्सवाच्या शेवटच्या रात्री, मशालींच्या मिरवणुकीला. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. दादाला राखी मिळाली का ते कळवा, टपालाला यंदा वेळ लागला. आत्याला म्हणावं, कोकमं अजून पुरतायत, मात्र सोलकढीला नारळ इथे डब्यातला मिळतो. आईने गुडघ्याचं तेल लावायचं सोडू नये.

चवथ २७ तारखेला आहे. त्या दिवशी मी सकाळची सुट्टी घेतली आहे. आरती किती वाजता ते आदल्या दिवशी कळवा. तिकडचे बारा म्हणजे माझे साडेसात. सोनूने फोन पेटीवर ठेवू नये, भात्याच्या हालचालीने घसरतो. शेजारी पाटावर ठेवावा, पेटीच्या मागच्या अंगाला, जिथून वारा येतो तिथे.

तुमची,
बाय